लॉबीतली सायकल कोणाची?

जोशी काका (सेक्रेटरी), सकाळी ८:०५
बी विंगच्या तळमजल्यावर मीटरच्या खोलीला लागून एक काळी सायकल तीन आठवडे उभी आहे. मागच्या चाकात हवा नाही, चेनवर गंज. हँडलला रोज कोणीतरी दुधाची पिशवी अडकवतं. गुरुवारी फायर ऑडिटवाले येणार आहेत. ज्यांची असेल त्यांनी घरात न्यावी.

सी-१०४ वैशाली
काका, फोटो टाका ना.

जोशी काका (सेक्रेटरी)
[फोटो]

बी-७०२ केतन
अहो काका, ही समीरची! ट्रायथलॉनवाली! हार घाला तिला, हार 😄

जोशी काका (सेक्रेटरी)
हार नको. जागा हवी.

ए-२०४ सुनंदा काकू
समीर, तू हल्ली पहाटे दिसत नाहीस रे. वॉचमन सांगत होता, साहेब निघाले की पावणेपाच वाजले असं समजायचो.

बी-६०२ समीर
सॉरी काका, आज संध्याकाळी वर नेतो.

बी-६०२ मृणाल
हे वाक्य मी तीन आठवडे ऐकतेय.

बी-७०२ केतन
तीन आठवडे?? म्हणजे रेस झाल्यापासून हातच लावला नाहीस? अरे पुढचं काय? आता गोव्याची हाफ आयर्नमॅन मारायची. १.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. तुला काय अवघड आहे.

सी-१०४ वैशाली
नाहीतर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन. पेडर रोडच्या चढाला आम्ही येऊ संत्री घेऊन.

ए-३०३
आज ११ ते २ टाकी साफ होणार ना? पाणी बंद का?

जोशी काका (सेक्रेटरी)
टाकी उद्या. नोटीस वाचत जा.

बी-६०२ समीर
केतन, प्रेमाने म्हणतोयस, पण सध्या गोवा म्हटलं की पोटात गोळा येतो. आता विषय निघालाच आहे तर सांगतो. एकट्याने कुढून कंटाळलो.

रेसनंतरचे आठ दिवस झकास गेले. लिफ्टमध्ये अभिनंदन, ऑफिसात केक, फिनिशरचा टी-शर्ट तर मृणालने ओढून काढून धुवायला टाकला. नवव्या दिवशी ४:४० चा अलार्म वाजला, बंद केला. म्हटलं उद्या. मग सोमवार आला, नॅशनल पार्क बंद. ते कारण मंगळवारीही चाललं, बुधवारीही. आता घड्याळात डिट्रेनिंग (सराव सुटून दम उतरतोय) असं येतं म्हणून घड्याळच ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

आळस म्हणावा तर तसा मी आळशी नाही. विचार केला तेव्हा कळलं की वर्षभर मला पहाटे उठवत होती ती जिद्द वगैरे नव्हती, भीती होती. दोन वर्षांपूर्वी मला पोहता येत नव्हतं, हे इथे कोणाला माहीत नाही. गावच्या विहिरीत लहानपणी एकदा गटांगळ्या खाल्ल्या होत्या, त्यानंतर पाणी म्हटलं की बादली. आणि रेसमध्ये १.५ किमी समुद्रात पोहायचं. कांदिवलीच्या तलावात ३० लांब्या, म्हणजे या टोकाहून त्या टोकाला ३० वेळा. पण तिथे तळाची काळी रेघ दिसते, भिंत धरता येते. समुद्रात काय धरणार?

त्या दिवशी पहिल्या दोनशे मीटरमध्येच गॉगलमध्ये पाणी शिरलं, पुढच्याची टाच हनुवटीवर बसली, आणि मान वर काढली तर वाट दाखवणारा नारिंगी तरंगता गोळा कुठेच दिसेना. विहीर आठवली. पाठीवर उलटा झालो, आकाशाकडे बघत पडून राहिलो. बचाववाल्या मुलाने कायाकमधून विचारलं, काका येताय का बोटीत? तो काका शब्द लागला. उलटा झालो, तलावात मोजायचो तसं मोजायला लागलो, तीन हात एक श्वास, तीन हात एक श्वास. ४६ मिनिटांनी पायाला वाळू लागली. रडलो हो तिथे, पाण्यात होतो म्हणून कोणाला कळलं नाही.

पुढची ४० किमी सायकल आणि १० किमी पळणं हा नुसता हिशोब होता. सायकलवरून उतरून पळताना पाय विटांचे होतात, ते झालेच. पण जे वर्षभर मानगुटीवर होतं ते वाळूत उतरलं. आता अलार्म वाजतो आणि वाटतं, कशाला?

ए-२०४ सुनंदा काकू
अरे बाप रे. आम्ही नुसतं मेडलचा फोटो बघून अंगठा दाखवला.

बी-७०२ केतन
सॉरी भावा. मला वाटलं नेहमीची टंगळमंगळ.

सी-४०३ डॉ. अर्चना (फिजिओ)
समीर, मोठ्या रेसनंतर असं रिकामं वाटणारे बरेच जण माझ्याकडे गुडघा घेऊन येतात आणि बोलतात मनाचं. वर्षभर आठवड्याचं वेळापत्रक रेसच्या तारखेवरून उलटं मोजून बनवलेलं असतं. तारीख गेली की वेळापत्रकही जातं.

शरीराचं म्हणशील तर पहिले दोन आठवडे आराम केलास ते उत्तमच. त्यानंतर दम उतरायला लागतो हे खरं. आधी रक्तातला पातळ भाग कमी होतो, मग हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं, म्हणून त्याच वेगाला ठोके जास्त पडतात. पहिल्या दिवशी पळून बघशील तर वाटेल सगळं गेलं. गेलेलं नसतं. हे जसं पटकन उतरतं तसं पटकन परतही येतं. स्नायूंची ताकद तर बरीच टिकून असते. तेव्हा घड्याळ ड्रॉवरमध्येच राहू दे काही दिवस.

आणि केतन, याला आत्ता हाफमध्ये, म्हणजे एकूण दुपटीहून जास्त अंतरांत, ढकलू नकोस. हे असे दिवस टाळायला लोक घाईने मोठी रेस भरतात आणि मार्चमध्ये नडगी धरून माझ्याकडे येतात.

बी-६०२ मृणाल
डॉक्टर, तुम्हाला साखर 🙏

गोव्याचं नाव काढणाऱ्यांनी आधी आमच्या घरचा गेल्या वर्षीचा रविवार ऐकावा. हा पहाटे सायकलवर बोरिवलीहून पार नरिमन पॉइंटच्या एनसीपीएपर्यंत, परत येऊन अंघोळ, सहा अंडी आणि झोप. मी मुलीला घेऊन चित्रकलेच्या क्लासला. शनिवारी रात्री साडेनऊला घरातले दिवे बंद, पाहुणे असले तरी. मावसबहिणीच्या लग्नाला हा हळद लागायच्या आत घरी, कारण दुसऱ्या दिवशी लांब पळणं. कपाटात माझ्या साड्यांच्या कप्प्यात टायरच्या ट्यूब.

मी तक्रार करत नाहीये. किनाऱ्यावर सगळ्यात मोठ्याने मीच ओरडत होते, घसा तीन दिवस बसला होता. पण आता हा घरी असतो आणि भाजीत मीठ कमी म्हणून भांडतो. म्हणजे मला ती सायकलही नको आणि सायकल नसलेला समीरही नको. मधलं काही असेल तर सुचवा.

सी-१०४ वैशाली
😂😂 मृणाल, हे फ्रेम करून लिफ्टमध्ये लाव.

बी-७०२ केतन
हा मेसेज डिलीट केला आहे

ए-१०२ प्रधान काका
मी ग्रुपवर फारसा लिहीत नाही. कांदिवलीच्या त्या तलावावर मी गेली बावीस वर्षं सकाळी जातो. एकही स्पर्धा केलेली नाही. तुमच्या वेळा, अंतरं मला कळत नाहीत.

पोहायची हौस म्हणाल तर ती केव्हाच संपली. डिसेंबरात पाण्यात पाय घालताना रोज स्वतःला शिव्या देतो. पण आमच्या बॅचला सहा म्हातारे आहेत. एखादा दोन दिवस आला नाही की बाकीचे पाचजण फोन करतात, एकामागून एक, आणि प्रत्येकाला तेच सांगावं लागतं, बरं आहे, सर्दी आहे. त्यापेक्षा जाऊन पोहून आलेलं परवडतं.

ए-२०४ सुनंदा काकू
प्रधान भाऊजी, कमाल आहे तुमची!

समीर, एक विचारू? हसू नकोस. माझं वय ५९. निवृत्तीनंतर पोहणं शिकायचं ठरवलं होतं, फॉर्मही आणला, पण पाण्यात तोंड घालायचं म्हटलं की छाती धडधडते. तू विहिरीचं लिहिलंस म्हणून विचारते. तू काय केलंस?

बी-६०२ समीर
काकू, हसणार कशाला, तिथेच तर माझे चार महिने गेले.

माझी चूक ही होती की मी छातीत हवा भरून, गाल फुगवून पाण्यात तोंड घालायचो. श्वास कोंडला की आत कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि जीव घाबरा होतो तो बराचसा त्यानेच. आपल्याला वाटतं हवा कमी पडली. खरं तर जुनी बाहेर सोडलेली नसते. तलावाचं नंतर बघू, आज घरी पसरट पातेलं घ्या, कोमट पाणी. नाकपुड्या बुडतील इतकं तोंड घाला आणि आत हं करत राहा, देवळात आरतीआधी सूर लावतात तसं. बुडबुडे येतील. बुडबुडे येताहेत म्हणजे पाणी आत जात नाहीये. बाहेर आलात की हवा ओढायची नाही, ती आपोआप येते. दहा वेळा करा. डोळे पहिल्या दिवशी मिटलेले चालतील.

चार-पाच दिवसांनी तलावावर जाऊ, उथळ बाजूला, दांडा धरून. गॉगल आतून थुंकी लावून धुवायचा, धुकं धरत नाही. टोपी आधी ओली करायची, नाहीतर केस ओढते. पहिल्या दिवशी पोहायचं नाही, नुसतं हं. आणि तुम्ही पाठीवर तरंगायला शिकलात ना, की मग काही झालं तरी मागे एक जागा आहे हे कळतं. मला समुद्रात तीच जागा मिळाली.

बी-६०२ मृणाल
टाईप करताना हसतोय हा. आणि चहा थंड झाला तरी ओरडला नाही.

ए-२०४ सुनंदा काकू
पुरणाचं पातेलं काढलं 😀 पण मी एकटी जाणार नाही हं.

ए-१०२ प्रधान काका
सोमवारी पावणेसातला मी रिक्षाने निघतो. तिघे बसू. समीर, तुझा नंबर आमच्या पाचजणांना देऊन ठेवतो.

बी-६०२ समीर
काका, पाचही जणांना?

ए-१०२ प्रधान काका
पाचही.

सी-४०३ डॉ. अर्चना (फिजिओ)
पहिला आठवडा काकूंबरोबर उथळ बाजूलाच राहा. तू लांब्या मोजताना दिसलास तर मला सांगा काका.

बी-६०२ मृणाल
रविवार माझा. हे लेखी हवंय, ग्रुपवर.

बी-६०२ समीर
रविवार तुझा. सायकल शनिवारी, नॅशनल पार्कातल्या कान्हेरी लेण्यांपर्यंत आणि परत, आठच्या आत घरी. केतन येतोय का?

बी-७०२ केतन
माझी सायकल गॅलरीत आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात. बघतो.

जोशी काका (सेक्रेटरी), रात्री ९:४०
सायकल हलवल्याबद्दल आभार. आता बी-१०१ विचारतायत, उद्यापासून दुधाची पिशवी कुठे अडकवायची.