किरणोत्सारात टेफ्लॉन चालेल का, की पीक (PEEK) प्लास्टिकच घ्यावं?

उद्यमबाग_लेथ

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे, एक सीएनसी आणि बाबांचा जुना लेथ. आजवर हायड्रॉलिकचे सील, पंपांचे बुश असलीच कामं केली. आता एका पार्टीकडून चौकशी आलीय: अणुऊर्जेच्या कामातल्या हॉट सेलमधल्या (किरणोत्सारी माल हाताळायची बंदिस्त खोली) मॅनिप्युलेटरचे, म्हणजे बाहेरून चालवायच्या यांत्रिक हाताचे, 40 बुश आणि बॉल व्हॉल्व्हच्या 12 सीट. ड्रॉइंगवर मटेरियलच्या रकान्यात "टेफ्लॉन किंवा समतुल्य, किरणोत्सार सहन करणारे" एवढंच लिहिलंय.

बाबा म्हणतात, टेफ्लॉनला ॲसिड काही करत नाही, मग किरणं काय करणार? आणि बुशला डेल्रिन (हे दुसरं एक कडक प्लास्टिक) लाव, छान टर्न होतंय. मला पीकचा रॉड घ्यावा वाटतंय, खरं रेट ऐकून हात मागं येतोय. टेफ्लॉनच्या कित्येक पट आहे. चुकीचा माल दिला आणि तो आत जाऊन फुटला तर? दोन रात्री हेच डोक्यात आहे. कुणी केलंय का असलं काम? सांगा की.

खानापूरचा_फिटर

बाळा, काम घेण्याआधी विचारलंस हे फार बरं केलंस. बाबांचा विचार कुणाच्याही मनात येईल असाच आहे, खरं इथं तो उलटा पडतो. ॲसिडापुढं जो पैलवान, तोच गॅमा किरणांपुढं सगळ्यात कच्चा. हवेत 5 किलोग्रेच्या (ग्रे म्हणजे मालात मुरलेल्या किरणोत्साराचं माप, किलोग्रे म्हणजे हजार ग्रे) आसपासच टेफ्लॉनची ताकद ढासळायला लागते. डेल्रिनही थोडंच पुढं, 10-20 किलोग्रेत ठिसूळ. पीक मात्र 10,000 किलोग्रेच्या घरात जाऊनही उभं राहतं. हा फरक दुप्पट-तिप्पट नाही, हजारांच्या पटीत आहे.

मी मेंटेनन्समध्ये 26 वर्षं काढली. एका ठिकाणी (नाव घेत नाही) स्टोअरला होती म्हणून ॲक्टिव्ह, म्हणजे किरणोत्सारी लाइनवर टेफ्लॉनची सीट बसवली गेली. पुढच्या शटडाऊनला व्हॉल्व्ह खोलला तर सीट हातमोज्यातल्या बोटांत खडूसारखी चुरली. नवी बसवायला दोन माणसं सूट घालून आत गेली आणि त्या दिवसाचा डोस अंगावर घेऊन बाहेर आली. त्यातला एक मी. म्हणून रॉडच्या रेटाकडं बघताना ती सीट बदलायला आत जाणारा माणूसही हिशोबात धर.

जोयड्याच्या जंगलापलीकडं आपलं कैगा अणुवीज केंद्र आहे. तिथलं पहिलं युनिट 2018 च्या अखेरीपर्यंत सलग 962 दिवस चाललं. असल्या ठिकाणी एका बुशासाठी कोण थांबणार?

आता कामाचं. प्लास्टिकचं नाव नंतर, आधी पार्टीला तीन गोष्टी विचार: त्या जागी ताशी किती ग्रे, किती वर्षं राहणार, आणि नुसता गॅमा आहे की न्यूट्रॉनही. हे मिळाल्याशिवाय कोटेशन देऊ नको.

निपाणीची_केमिस्ट्री

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, म्हणून "का" तेवढं सांगते. प्लास्टिक म्हणजे रेणूंची लांब साखळी, गॅमा किरण त्या साखळीत ऊर्जा ओततात. टेफ्लॉनची लांब साखळी त्यानं तुटत जाते, तुकडे आखूड होतात, म्हणून चुरा. पीकच्या साखळीत बेंझिनची कडी आहेत. त्या कड्यांतले इलेक्ट्रॉन कडंभर पसरलेले असतात, आलेली ऊर्जा वाटून घेतात आणि बरीचशी उष्णता म्हणून सोडून देतात. बंध तुटायची वेळ कमी येते. पॉलिइमाइड आणि पीपीएस ही दुसरी प्लास्टिकं टिकतात तेही याच कड्यांच्या जोरावर.

आणखी एक. टेफ्लॉन तुटताना फ्लोरीनची संयुगं बाहेर पडतात, दमट हवेत त्यांचं हायड्रोफ्लोरिक ॲसिड होतं. म्हणजे सीट जाते ती जाते, शेजारचं स्टीलही खराब करून जाते. हवेतला ऑक्सिजन तुटलेल्या टोकांना चिकटतो, म्हणून सावकाश मिळालेला डोस कधीकधी झटक्यात दिलेल्या तेवढ्याच डोसापेक्षा जास्त नुकसान करतो. प्रयोगशाळेतला आकडा काठोकाठ धरू नका.

मच्छे_सीएनसी

भावा, 30 टक्के ग्लासवालं पीक घे, ताकद जास्त.

खानापूरचा_फिटर

बुशला नको. काचेचे तंतू शाफ्ट घासतील. शिवाय तसल्या काचेत बहुतेक वेळा बोरॉन असतं आणि बोरॉन न्यूट्रॉन गिळतं. रिॲक्टरजवळच्या कामात ते आधी विचारावं लागतं. साधं, काच न भरलेलं पीक घे. सीलला ओ-रिंग लागली तर विटॉन रबर नको, त्यातही फ्लोरीन आहे. ईपीडीएम रबर बघ.

उद्यमबाग_लेथ

काका, बाई, फार उपकार झाले. पार्टीला फोन केला. ताशी 10 ग्रे, पाच वर्षं, नुसता गॅमा. बाबांनी कॅलेंडरच्या मागं स्वतः गणित मांडलं: 10 गुणिले 8760, वर्षाला 87.6 किलोग्रे, पाच वर्षांचे 438. मग टेफ्लॉनचे 5 किलोग्रे किती तासांत? 500. म्हणजे 21 दिवस. बाबा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पीकचाच रॉड मागव." बुश आणि सीट दोन्ही पीकमध्ये करतो असं पार्टीला लेखी कळवलंय, पीकच्या सीटमुळं व्हॉल्व्ह फिरवायला जोर (टॉर्क) जास्त लागेल हेही. त्यांचा होकार आला की माल मागवतो. मशीनिंगला काय सांभाळू?

खानापूरचा_फिटर

बॅच नंबर असलेलं सर्टिफिकेट घे, आणि रॉड आला की तुकडा कापून वजन-आकारमान काढ. पीकची घनता 1.3, डेल्रिनची 1.41, टेफ्लॉनची 2.2, भलताच माल आला असला तर तिथंच कळेल. कार्बाइडची धारदार टूल वापर. ड्रिल करताना वरचेवर बाहेर काढ, आत उष्णता साठली की भोकाकडून तडा जातो. क्लोरीनवालं कटिंग ऑइल लावू नको, पुसूनही मागं राहिलेलं क्लोराइड तिथल्या स्टेनलेसला चिरा पाडतं.

रफ टर्निंग झालं की जॉब भट्टीत 200 अंशांवर सावकाश ने आणि तासाला 10 अंशांनी खाली आण. पीक 143 अंशांवर मऊ पडायला लागतं, त्याच्या खाली गेल्याशिवाय दार उघडायचं नाही. फिनिश कट त्यानंतर.