मदत हवी आहे: 18 गुंठे, 'ग्रीन झोन' आणि बांधावरचा दगड. घर बांधता येईल का?

माळरान
गावाकडे 18 गुंठे जमीन आहे, तिथे घर बांधायचं आहे. तलाठी म्हणाले, ग्रीन झोन आहे, होणार नाही. एक एजंट म्हणतात, गावठाणाजवळ आहे, एन.ए. (बिगरशेती परवानगी) लागतच नाही. बँक म्हणते, झोन दाखला (जमीन कुठल्या विभागात येते त्याचा) आणि एन.ए. दोन्ही आणा. त्यात शेजारच्या गटवाल्यांनी बांधावर नवा दगड पुरलाय, तो आमच्या बाजूला पाच-सहा फूट आत आहे. मोबाईलवर भूनकाशा (जमिनीचा सरकारी ऑनलाइन नकाशा) उघडून उभं राहिलो तर दगड स्पष्ट आमच्या हद्दीत दिसतो. शनिवारी गावी जातोय, एकच दिवस हाताशी आहे. कुठल्या कार्यालयात जाऊ आणि नेमकं काय मागू? लवकर सांगा प्लीज.

बोरीबाभळी
जिल्हा, तालुका सांगितल्याशिवाय काय सांगणार? आणि शनिवारी जाऊ नका. 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, सगळी कार्यालयं बंद असतात. सोमवारची रजा टाका.

कुळवाडी
बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी हद्द कायम मोजणीचा (हद्दीच्या खुणा ठरवून देणारी सरकारी मोजणी) अर्ज करा. आमच्याकडे असाच दगड सरकत सरकत अकरा वर्षांत पाऊण गुंठा खाऊन गेला. भूमी अभिलेखची (मोजणीचं सरकारी खातं) मोजणी आणली, लगतच्या सगळ्यांना नोटिसा गेल्या, खुणा दाखवल्या, 'क' प्रत (मोजणीचा सरकारी नकाशा) हातात आली, दुसऱ्या दिवशी दगड आपोआप मागे गेला. मोबाईलवरच्या नकाशाला कोणी विचारत नाही. तो नुसता अंदाजासाठी, हद्दीचा पुरावा नव्हे.

माळरान
तालुका जुन्नर, जि. पुणे. मोजणी केली आहे. जीपीएसवाला सर्व्हेअर आणला होता, त्याचा नकाशा आहे.

कुळवाडी
खासगी सर्व्हेअर ना? ती मोजणी तुमच्यापुरती. शेजाऱ्यावर बंधनकारक नाही.

नकाशावाचक
जुन्नर म्हणजे पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) हद्दीबाहेर. तेव्हा पुण्याची प्रादेशिक योजना बघायची. झोन दाखला आणि भाग नकाशा नगररचनाच्या पुणे कार्यालयातून मिळतो, सोबत ताजा सातबारा आणि गटाचा नकाशा जोडा.

तलाठ्यांच्या (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) तोंडी शब्दावर जाऊ नका. गावात 'ग्रीन झोन' तीन अर्थांनी वापरतात: योजनेतला शेती विभाग, सातबारावर पीक लागलेली कुठलीही जमीन, आणि अजून एन.ए. न झालेली जमीन. यातला फक्त पहिला खरा झोन. जमीन रहिवास विभागात (नकाशात पिवळा असतो) असूनही सातबारावर बाजरी लागलेली असू शकते. झोन नगररचना सांगते, शेती की अकृषिक हे महसूल सांगतं, आणि हद्द भूमी अभिलेख. तुम्ही तिन्हींची उत्तरं एकाच माणसाकडे मागताय.

उंबरठा
आमच्या गावात स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली, सगळ्यांना सनद आणि मिळकत पत्रिका मिळाली. तुम्हीपण ग्रामपंचायतीत चौकशी करा, फुकट काम होईल.

नकाशावाचक
उंबरठा, स्वामित्व गावठाणातल्या घरांसाठी आहे. यांचा गट गावठाणाबाहेर दिसतोय.

पाटीलकी
एजंट बरोबर बोलतोय. महसूल संहितेचं कलम 42-ड बघा. गावठाणापासून 200 मीटरच्या आत असलं की झालं. माझ्या मेव्हण्याने तसंच बांधलं.

बोरीबाभळी
'झालं' नाही. वेगळी एन.ए. परवानगी लागत नाही, पण ठरलेला सरकारी कर भरावाच लागतो. बांधकाम परवानगी वेगळी. जमीन भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटी असलेली) असेल तर गोष्टच वेगळी. आणि 200 मीटर मोजायचे ते नोंदलेल्या गावठाणाच्या हद्दीपासून, शेवटच्या घरापासून नाही.

पाटीलकी
मेव्हण्याचं वाडीपासूनच मोजलं होतं.

बोरीबाभळी
मग कर भरल्याचे कागद त्याला नीट तपासायला सांगा. वाडीला वेगळं गावठाण असतंच असं नाही.

माळरान
वर्ग 1 आहे. गावठाणापासून अंतर चालत पाच मिनिटं. धन्यवाद, पण बँकेला काय देऊ ते कोणी सांगितलं नाही.

सांजवात
मला वेगळंच विचारायचंय. सातबारावर 18 गुंठे एकट्या वडिलांच्या नावावर आहेत का? गटाचं एकूण क्षेत्र किती?

माळरान
गट 0.54.00 आहे. वडील आणि दोन काका, तिघांची वाटणी आजोबा असतानाच झाली आहे, प्रत्येकी 18. बांध घातलेले आहेत. सातबारा सामाईक आहे पण त्याने काही अडत नाही, कोणाचा वाद नाही.

सांजवात
हेच पहिल्या ओळीत यायला हवं होतं. बँक याच्यावरच अडणार आहे. तोंडी वाटणीचा बांध नकाशात नसतो. तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम 85 प्रमाणे वाटप, मग पोटहिस्सा (गटातला प्रत्येकाचा वेगळा तुकडा) मोजणी, तेव्हा कुठे तुमच्या तुकड्याला स्वतःची हद्द येईल. पोटहिश्शाला सगळ्या सहधारकांची संमती लागते. आणखी कोणाचं नाव आहे का? सातबारावर खाली 'इतर हक्क' रकान्यात वगैरे?

आणि 0.54.00 म्हणजे 54 आर (1 आर म्हणजे 100 चौ.मी.), गुंठे नव्हेत. साधारण 53.4 गुंठे होतात.

माळरान
इतर हक्कात आत्याचं नाव आहे. पण तिने कधी काही मागितलं नाही.

पाटीलकी
आत्याचं लग्न होऊन गेलं ना? मग सोडा.

सांजवात
सोडा कसं? वारस कायद्यात मुलगी 1956 पासून आहे, वडिलोपार्जित मिळकतीत 2005 च्या दुरुस्तीने मुलाइतकीच, आणि 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलंय. माझं स्वतःचं नाव बावीस वर्षं इतर हक्कात पडून होतं. मागितलं नाही म्हणजे दिलं असं होत नाही. तिने राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोडपत्र केलं तर ठीक. नाहीतर चार हिस्से, प्रत्येकी साडेतेरा आर.

नकाशावाचक
आणि इथेच झोन महत्त्वाचा ठरतो. तुकडेबंदी कायद्यात (1947 चा) 2023 पासून प्रमाणभूत क्षेत्र (याहून लहान तुकडा पाडता येत नाही) जिरायतीला 20 गुंठे, बागायतीला 10 गुंठे. जमीन शेती विभागात आणि जिरायत असेल तर 18 काय, साडेतेरा काय, दोन्ही तुकडाच. प्रादेशिक योजनेत रहिवास विभाग असेल तर ती अट लागत नाही. म्हणून आधी झोन दाखला. फार्महाऊसचा सल्ला कोणी देईल, पण त्याला 0.4 हेक्टर लागतं.

कुळवाडी
मी अजूनही म्हणतो आधी मोजणी. पाऊस लागला की दोन-तीन महिने कोणी येत नाही.

उंबरठा
बांधावर झाड असेल तर ते कोणाचं धरतात? आमच्या चिंचेवरून भांडण चाललंय.

बोरीबाभळी
उंबरठा, वेगळा धागा काढा.

माळरान
सगळ्यांचे आभार. सोमवारी पुण्यात झोन दाखल्याचा अर्ज दिला. बाहेरच्या हद्दीची मोजणी काकांच्या सहीने टाकतोय. रात्री आत्याला फोन केला. तिला जमीन विकायची नाही, घराला आडवंही यायचं नाही. म्हणाली, "माझं नाव खाली इतर हक्कात नको, भावांच्या बरोबरीने वर घ्या." वडील गप्प होते, मग हो म्हणाले. म्हणजे साडेतेरा आर धरून चालतोय. पण आत्याचा हिस्सा मागच्या बाजूला येतो, तिला जायला वाट नाही. ती आत्ताच कशी दाखवायची?

सांजवात
वाटपाच्या अर्जातच वाट लिहा, रुंदीसकट, आणि पोटहिश्शाच्या नकाशात काढून घ्या. आत्ता राहिली तर पुढे तिच्या मुलांना महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे भांडत बसावं लागेल. अर्जाच्या दिवशी आत्याला सोबत घेऊन जा.