मरणाला मार्क देणारे हे कोण?

बोरूबहाद्दर:
काल इथे धागा निघाला, 'आपल्याला धड मरताही येत नाही'. पुरावा काय, तर शेवटच्या दिवसांत माणसाची काळजी कुठे किती चांगली घेतात, त्याच्या २०२१ च्या यादीत ८१ देशांत भारत ५९वा, ब्रिटन पहिला. अहो, त्या त्या देशातल्या मूठभर तज्ज्ञांनी भरलेली गुणपत्रिका ती! माझी आजी माजघरात गेली. उशाशी सगळं घर, तोंडात तुळशीपत्र. हे कुठल्या रकान्यात बसवणार?

होमकेअरवाली:
राग यादीवर काढा, मोजण्यावर नको. आम्ही नर्स पेशंटच्या घरी गेलो की दुखणं, धाप, मळमळ, झोप, चिंता, एकेकाचा आकडा विचारतो, ० ते १०. दुखणं ८ म्हणाले की डॉक्टर मॉर्फिन, म्हणजे दुखणं दाबणारं अफूपासूनचं औषध, वाढवतात. उशाशी दहा जण बसले म्हणून धाप थांबत नाही. आणि त्या यादीत कशाला किती वजन द्यायचं हे पाच देशांतल्या रुग्णांच्या घरच्यांना विचारूनच ठरवलंय, भारत धरून. तुमच्या आजीला कुणी विचारलं होतं, किती दुखतंय?

बोरूबहाद्दर:
आजीवर जायचं काम नाही.

माणदेशी_३:
मॉर्फिन म्हणे! अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, असली औषधं मिळणं सोपं करणारी दुरुस्ती २०१४ ची, आणि आमच्या बाबांच्या गोळ्यांसाठी गेल्या वर्षीसुद्धा एसटीने शहर गाठावं लागलं. तालुक्याचा मेडिकलवाला नाव काढताच हात जोडतो. केरळात अशा पेशंटांच्या काळजीसाठी २००८ पासून सरकारी धोरण आहे, गल्लीतले स्वयंसेवक घरी येतात.

निशिगंध:
० ते १० ठीक आहे हो, पण पेशंटला आजार तरी माहीत असतो का? आमच्या आईला शेवटपर्यंत 'अल्सर'च सांगितलं होतं. ती चिंतेला काय आकडा देणार?

होमकेअरवाली:
हेच रोज बघते. मुलगा दाराबाहेर गाठतो, 'सिस्टर, कॅन्सर म्हणू नका'. आत आजोबा हळूच विचारतात, 'किती दिवस उरलेत? पोराला कळू देऊ नका'. दोघंही नाटक करतात आणि मधे आम्ही.

निशिगंध:
म्हणजे आम्ही नाटकी? तुम्ही तासाभरात निघून जाता. रात्री आम्ही काढल्यात.

अडाणी_वकील:
भांडण चालू द्या. २०२३ पासून लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, नोटरीसमोर किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं, मॅजिस्ट्रेटची गरज नाही. पण आजारच लपवलात तर ती बाई सही करणार कशाच्या भरवशावर?

निशिगंध:
ती बाई माझी आई होती, वकीलसाहेब. गेली ती. सही राहू द्या.

बोरूबहाद्दर:
घरच्यांना विचारलंत, उपकार झाले. दुखणं मोजा, तेवढं मान्य. पण हा ५९वा नंबर कुणाचा? केरळातल्या कोझिकोडचा की माणदेशींच्या तालुक्याचा?

माणदेशी_३:
आमचा ८२वा. शेजारच्या मावशींना त्याच गोळ्या लिहून दिल्यात. कुठे मिळतील ते ठाऊक असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, चिठ्ठी तयार आहे.