नियमित चालण्याने हातापायांचा गारठा कायमचा कमी होतो का? (बहिणीसाठी, वय २२)

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. तिला थंडी अजिबात सोसत नाही. सोलापुरात हे सांगितलं की कुणाला खरंच वाटत नाही. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, थंडी पडली तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या आसपास, तीही बेताची. पण त्या दिवसांत हिचे तळपाय मोजे घालून, दोन चादरी घेऊनही गारच, झोप लागत नाही. ऑफिसातल्या एसीत बोटं आखडतात, ते तर बारा महिने.

डॉक्टरांना दाखवलंय. थायरॉईड नॉर्मल आहे. हिमोग्लोबिन ११.२ आलं (बायकांसाठी १२ च्या खाली रक्तक्षय धरतात), लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, जेवणाला लागून चहा बंद केलाय. बोटं पांढरी-निळी पडतात का, हे त्यांनी मुद्दाम विचारलं. तसं होत नाही. अंगकाठी बारीक, दिवसभर खुर्चीत बसून काम, त्यामुळे रोज चालायला सांगितलं.

घरचे म्हणतात, "नाजूक आहे पोर, चालायचंच." मला हे पटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. मुलींच्या अशा तक्रारी तपासल्याशिवाय सोडू नयेत.

आता मूळ प्रश्न. गार वाटलं की हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू उष्णता तयार करतात, एवढं समजलं. कंबर तलावाला चक्कर मारून आली की तिचे पाय खरंच गरम असतात, पण झोपेपर्यंत पुन्हा गार. काही महिने नेमाने चाललं तर बसल्या जागीही थंडी कमी वाजायला लागते का? की ती ऊब तेवढ्यापुरतीच? ज्या मुलींना असा त्रास होता आणि चालण्याने फरक पडला (किंवा नाही पडला), त्यांनी कृपया लिहा.

आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालावं असं सगळीकडे सांगतात. पण रक्त कमी असल्याने ती भरभर चालली की लगेच दमते. सावकाश सुरुवात करून वेग कसा वाढवला? आणि नुसतं चालणं पुरतं, की स्नायू वाढायला उठाबशा, जिने चढणं असंही काही जोडावं लागलं? तिला पहाटेच्या गारव्यात बाहेर काढायची मला भीती वाटते, म्हणून सध्या संध्याकाळीच नेते.