कोळंबीबंदी आणि जागतिक व्यापार संघटनेतील दावा

प्रश्न (रत्नागिरी): जाळ्याला कासव बाहेर पडण्याचे साधन, म्हणजे टेड, नसल्याच्या कारणावरून अमेरिका आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही, मग १९९८ मध्ये भारताने जिंकलेल्या दाव्याचा उपयोग काय?

उत्तर (मालवण): भारत, मलेशिया, पाकिस्तान व थायलंड जिंकले हे खरे, परंतु अपील मंडळाने कासवांच्या रक्षणाचा हेतू वैधच मानला आणि दोष काढला तो निरनिराळ्या देशांना दिलेल्या असमान वागणुकीत. अमेरिकेने अंमलबजावणी सुधारल्यावर मलेशियाची फेरतक्रार २००१ मध्ये फेटाळली गेली.

उत्तर (दापोली): वेळासला कासवे येतात, त्यामुळे तो हेतू मला तरी पटतो. शिवाय डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळच ठप्प असल्याने, आज नवा दावा जिंकला तरी हरलेला देश अपील करून निकाल लटकत ठेवू शकतो. त्यापेक्षा टेड बसवणे स्वस्त पडेल.