वेस्ट बँकेत ऑलिव्ह तोडणीला सोबत म्हणून जायचंय: व्हिसा, अटक, अश्रुधूर?

कवठेमहांकाळकर
नमस्कार मंडळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेस्ट बँकेत, म्हणजे इस्रायलच्या ताब्यातल्या पॅलेस्टिनी भागात, ऑलिव्हची तोडणी असते. तिथल्या वसाहतींतले इस्रायली आणि इस्रायलचं लष्कर अडवतात म्हणून पॅलेस्टिनी शेतकऱ्यांसोबत परदेशी स्वयंसेवक रानात थांबतात, गावच्या मोर्चातही जातात. भारतीय पासपोर्टवर जमतं का? पकडलं तर पुढे काय? ऐन द्राक्षाच्या फळछाटणीत निघालास कुठं, हा प्रश्न घरचे विचारताहेतच, तो सोडून बोला.

अजिंक्यतारा
दादा, वेस्ट बँकेत जायचे मुख्य रस्ते दोन: इस्रायलचा बेन गुरियन विमानतळ, नाहीतर जॉर्डनकडून ॲलनबी पूल. दोन्हीकडे तपासणी इस्रायलचीच. आपल्याला व्हिसा आधी काढावा लागतो. इस्रायलच्या प्रवेश कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर इस्रायलवर बहिष्काराचं जाहीर आवाहन करणाऱ्या परदेशी माणसाला प्रवेश नाकारता येतो, त्यामुळे फेसबुकवर काय लिहिलंय ते आधी आठवा. अर्जात खोटं लिहू नका. परत पाठवलं की पुढे ब्रिटनच्या व्हिसा अर्जात 'कधी प्रवेश नाकारला होता का' या रकान्यात ते लिहावं लागतं. प्रवासविम्यातून युद्ध आणि दंगल बहुधा वगळलेली असते, बारीक अक्षरं वाचा. भारताचं प्रतिनिधी कार्यालय रामल्लात आहे, नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन जप्त होऊ शकतो.

विटेकर वकील
अटकेबद्दल. १९६७ चा लष्करी आदेश क्रमांक १०१ दहा किंवा जास्त लोकांच्या राजकीय जमावाला परवानगी सक्तीची करतो. प्रत्यक्षात अधिकारी एक कागद दाखवतो, 'हा भाग बंद लष्करी क्षेत्र', आणि निघायला सांगतो. कागदाचा आणि नकाशाचा फोटो घ्या, वेळ टिपा. थांबलात तर परदेशी माणूस पोलिसांकडे जातो आणि बहुतेक वेळा देशाबाहेर. शेजारचा पॅलेस्टिनी मात्र लष्करी न्यायालयात उभा राहतो. एकाच रानात दोन कायदे! म्हणून थांबायचं की निघायचं हे गावची समिती ठरवते, पाहुणा नाही. सैनिकाशी हुज्जत तुम्ही घालता, त्याची भरपाई रात्रीच्या छाप्यात कुणाच्या तरी घराला द्यावी लागते.

मोर्चे फुकट जातात असंही नाही. इस्रायलने जमिनीतून घातलेल्या कुंपणाविरुद्ध बिलिन गावाने २००५ पासून दर शुक्रवारी मोर्चा काढला, २००७ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने कुंपणाची रेघ बदलायला सांगितली, कुंपण हललं २०११ मध्ये. चार वर्षं नुसती अंमलबजावणीला.

मिरजेची परिचारिका
कांदा आणि लिंबू घरी ठेवा, उपयोग शून्य. अश्रुधूर हा वायू नसून बारीक भुकटी असते. घामाला चिकटते, डोळे चोळले की आत जाते. व्हॅसलिन, तेलकट सनस्क्रीन लावू नका, त्यात ती धरून राहते. कॉन्टॅक्ट लेन्स नको, साधा चष्मा. धुताना मान कलती करून नाकाकडून कानाकडे साधं पाणी. वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरका, उताराच्या खोलगट जागेत उतरू नका. दमा असेल तर मोर्चात जाऊच नका, तोडणीपुरतं थांबा.

धूर दुय्यम आहे. सरळ रेषेत मारलेली अश्रुधुराची नळकांडी जीव घेते; २००९ मध्ये बिलिनमध्ये एक आंदोलक छातीवर नळकांडी बसूनच गेला. त्यामुळे नजर धुरावर नाही, बंदुकीची नळी कुठे रोखलीय त्यावर. आणि 'मी मागे उभा राहीन' यावर विसंबू नका. ६ सप्टेंबर २०२४ ला बेइता गावात तुर्की-अमेरिकी स्वयंसेविका आयशेनूर एझगी एयगी मारल्या गेल्या, तेव्हा साक्षीदारांच्या सांगण्यानुसार त्या मोर्चापासून दूर ऑलिव्हच्या झाडांत होत्या. गोळी आपल्या सैन्याचीच असावी, पण हेतू तो नव्हता, असं लष्कराने म्हटलं.

कवठेमहांकाळकर
आभार. मग मोर्चा नको, नुसती तोडणी. तिथे हाताला काय काम असतं?

अजिंक्यतारा
झाडाखाली ताडपत्री, हातात प्लास्टिकची फणी, वरून खाली ओढायची. काठीने झोडपू नका: ऑलिव्हला फळ गेल्या वर्षीच्या फुटीवर येतं, कोवळी काडी मोडली की पुढचा हंगाम गेला. द्राक्षवाल्याला हे वेगळं सांगायला नको. वसाहतीलगतच्या रानात जायला लष्कर मोजकेच दिवस देतं, म्हणून तिथे कॅमेऱ्याइतकाच भरभर तोडणारा हात लागतो. हातमोजे इथूनच न्या.