घरच्या घरी ट्रॉली जॅकवर गाडी उचलताना : तुमचे अनुभव लिहा

पावसाळ्याआधी ब्रेक पॅड बघणं, चाकांची अदलाबदल, खालून कुठे गंज धरलाय का ते तपासणं, ही कामं आपल्याकडे बरेच जण हल्ली सोसायटीच्या पार्किंगमध्येच करतात. पुण्यात नाना पेठेत दोन टनी ट्रॉली जॅक सहज मिळतो, ऑनलाइनही मिळतो. उचललेली गाडी टेकवायच्या लोखंडी स्टँडची जोडी मात्र फार थोडे जण घेतात आणि मला सगळ्यात काळजी वाटते ती याचीच. ट्रॉली जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो. आतलं सील गळायला लागलं की गाडी खाली येते, कधी सावकाश, कधी एकदम. जॅकनं उचलायचं, स्टँडवर टेकवायचं आणि मगच हात आत घालायचा. हे धरून तुमचे अनुभव लिहा. जमीन कशी होती, जॅक कुठे लावला, काय अडलं, असे बारीकसारीक तपशील आले तर नवीन माणसाला खरा उपयोग होईल.

निवृत्त फिटर, भोसरी

चांगला विषय काढलात. मी जमिनीबद्दल लिहितो, कारण लोक जॅककडे बघतात, जॅकच्या चाकांकडे कुणी बघत नाही.

ट्रॉली जॅकचा हात सरळ उभा वर जात नाही, कमानीत जातो. म्हणजे गाडी वर जाईल तसा जॅक आपोआप थोडा सरकला पाहिजे, त्यासाठीच त्याला चाकं दिलीत. चाकापुढे खडी आली, फरशीचा तडा आला किंवा पेव्हर ब्लॉकची फट आली की जॅक जागीच अडतो आणि त्याची गाडीला टेकणारी वरची वाटी गाडीखालून निसटायला लागते. माझ्या भाच्याच्या दारात पेव्हर ब्लॉकच आहेत. तिथे आम्ही आधी झाडून घेतो आणि 18 मिलिमीटरचा प्लायवूड अंथरतो, जॅकची चारही चाकं त्यावर राहतील एवढा मोठा. स्टँडच्या पायांखालीही प्लायवूडच. मे महिन्यात तापलेल्या डांबरावर तर स्टँडचे पाय रुततात, तिथे हे काम नकोच.

वाटी गाडीला टेकली की पंप थांबवायचा, वाकून बघायचं. मग चार-पाच दट्टे, परत बघायचं. भाच्याला मी हेच शिकवलंय. त्याचा एक हात हँडलवर आणि नजर जॅकच्या पुढच्या चाकांवर असते.

सहकारनगर

मी आणि माझी मुलगी मिळून आमच्या हॅचबॅकची चाकं बदलतो. दाराखाली पत्र्याची एक कड खाली आलेली असते. पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे त्या कडेत दोन छोट्या खाचा दिसतात, त्या खाचांच्या मधली जागा मजबूत केलेली असते. आमच्या गाडीत तरी तशी आहे, पण तुमच्या गाडीचं मॅन्युअल उघडून खात्री करा. गाडीबरोबर आलेल्या जॅकला ही कड बसेल अशी खोबण असते. ट्रॉली जॅकची वाटी सपाट लोखंडी. नुसती लावली तर कड दुमडते, रंग उडतो आणि पुढच्या पावसात तिथूनच गंज सुरू होतो. आम्ही टायरवाल्याकडून जाड रबराचा तुकडा आणला आणि मधोमध खाच पाडून घेतली. कड त्या खाचेत बसते, भार दोन्ही बाजूंच्या रबरावर येतो.

एक प्रश्न आहे. जॅक त्याच जागेवर लावला तर स्टँड कुठे ठेवायचा?

निवृत्त फिटर, भोसरी

ताई, प्रश्न अगदी बरोबर. बहुतेक गाड्यांत पुढे मधोमध क्रॉसमेंबर, म्हणजे खालचा आडवा मजबूत लोखंडी भाग असतो. मॅन्युअलमध्ये तिथे जॅक लावायची परवानगी असेल तर जॅक तिथे लावायचा आणि दोन्ही बाजूंच्या त्या मजबूत जागांखाली दोन स्टँड. ऑइल चेंबर तिथून जवळच असतं, त्याला वाटी लागली तर चेंबर चेपलंच समजा. टॉर्चशिवाय जॅक आत ढकलू नका. मागचा आडवा बीमही बऱ्याच गाड्यांत जॅकसाठी नसतो.

धनकवडी

हँडब्रेक ओढला की गाडी हलत नाही, या समजुतीबद्दल लिहितो. आमच्या बिल्डिंगच्या रॅम्पजवळ थोडा उतार आहे. तिथे एका शेजाऱ्यांनी गाडीची मागची बाजू मधोमध जॅक लावून उचलली. हँडब्रेक पूर्ण ओढलेला, गाडी न्यूट्रलमध्ये. मागची दोन्ही चाकं अधांतरी झाली आणि गाडी पुढे चालायला लागली, जॅक आडवा झाला. खाली कुणी नव्हतं, म्हणून निभावलं.

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागची चाकं धरतो. ती हवेत गेली की त्याचा काही उपयोग उरत नाही. तेव्हा फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी पाचर हवी. पुढचं एक चाक उचललं असेल तर उलटं होतं. गिअरवर विसंबता येत नाही, कारण डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची रचना) हवेतलं चाक मोकळं फिरू शकतं आणि जमिनीवरचं चाक पुढे जातं. तेव्हा हँडब्रेक आणि मागच्या चाकांना पाचर. आणि उतार असेल तर गाडी सपाटीला घ्या, पार्किंगची जागा कुणाची का असेना. शेजारी दहा मिनिटं नक्की थांबतील.

औंध

स्टँडऐवजी विटा किंवा बांधकामाचे हलके सिमेंट ब्लॉक कृपया लावू नका. एका टोकावर भार आला की ते आधी काही न दाखवता फुटतात. काढलेलं चाक मात्र आडवं करून दाराच्या कडेखाली सरकवून ठेवा, गाडी खाली आलीच तर तेवढी जागा उरते.

वाकड

एसयूव्हीवाल्यांसाठी. लहान ट्रॉली जॅक साधारण 33-34 सेंटीमीटरपर्यंतच उचलतो. बॉडी वर जाते तसं सस्पेन्शन सैल होऊन चाक खाली लोंबतं, त्यामुळे जॅक संपला तरी टायर जमिनीलाच असतो. वाटीवर लाकडाचे ठोकळे रचून उंची वाढवणारे पाहिलेत. ठोकळा फिरला की गाडी गेली. जास्त उंचीचा, तीन टनी जॅक घ्या.

इलेक्ट्रिक गाडीला कुणी घरी जॅक लावलाय का?

धागाकर्ता

हो, आमच्याकडे आहे. पोटाखाली बॅटरी पसरलेली असते, तिच्यावर वाटीचा भार अजिबात नको. आम्ही मॅन्युअलमध्ये दिलेल्या बाजूच्या जागांवरच उचलतो, एका वेळी एकच चाक. नट आधी चाक जमिनीवर असतानाच जरा सैल करून घेतो आणि शेवटचं आवळणंही गाडी खाली आल्यावर, समोरासमोरचे नट घेत.

स्टँडवर टेकवल्यावर गाडीला कमरेनं जोरात हलवून बघतो. खडखडली किंवा सरकली तर परत उचलून स्टँड नीट बसवायचा. उतरवताना जॅकचं हँडल अगदी थोडं, बोटभर फिरवतो. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर गाडी आदळते. मुलं पार्किंगमध्ये खेळत असतील तर एक जण फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवायला उभा करतो, गाडीत तर कुणालाच बसू देत नाही.

स्टँडवरची क्षमता एका नगाची आहे की जोडीची, हे घेताना दुकानदाराला जरूर विचारा. कुणी नुकतीच जोडी घेतली असेल तर उंची पिननं धरणारी की दात्यांनी, आणि कशी वाटतेय, तेही लिहा.